मानसिंगचा दहावा

कावळा काही शिवेना.

कऱ्हेच्या काठी भाताचा पिंड ठेवून तास उलटला होता. समोरच्या बाभळीवर पाच-सहा कावळे होते, पण एकही खाली उतरायला तयार नव्हता. कन्हेरीची निम्मी भावकी उन्हात ताटकळली होती.

"मानसिंगा, तुज्या बायकूला आमी अंतर देनार न्हाय," मानसिंगचा चुलता कुंडलिक हात जोडून म्हणाला. "तुज्याच नावानं हितंच ऱ्हाईल ती. शीव बाबा आता."

कावळे हलले नाहीत.

"जीव अडकलाय पोराचा बायकूत," मागून कुणीतरी बोललं. "आईनंच सुनंचं दुसरं लगीन काढलंय म्हटल्यावर कसा शिवंल?"

सगळ्यांच्या माना रंगूबाईकडे वळल्या. मानसिंगची ही आई. एकुलता एक लेक, आणि बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही.

"भटजी, दर्भाचा कावळा करा," ती म्हणाली. "मला दुपारच्या टेम्पोत वांगी घालायची हायती."

भटजींनी मुकाट्यानं दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक कुजबुजत उठले.

जूनमध्ये कारगिलची लढाई पेटली तेव्हा मानसिंग सुट्टीवर घरी होता. परत या म्हणून तार आली. रंगूबाईनंच त्याला बारामतीच्या स्टँडवर गाडीत बसवून दिलं. ऑगस्टात पलटणीचं इंग्रजी पत्र आलं. ते तिनं इंदापूरला नेऊन वाचून घेतलं आणि आल्यावर एवढंच सांगितलं, "बेपत्ता हाय." पुढं पोलीस जमादार दोनदा आला, चौकशी केली, चहा पिऊन गेला. सरकारी माणसाला कागद रंगवावेच लागतात, असं गावानं धरलं.

दुसऱ्या गावांत तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या आल्या. कन्हेरीत काहीच आलं नाही. बेपत्ताची बायको म्हणजे ना सवाष्ण, ना विधवा. मोनाली एकवीस वर्षांची. तिनं कुंकू लावावं तर बायका टोमणे मारत, पुसावं तरी मारत. शास्त्राप्रमाणं बारा वर्षं वाट बघायची, असं कुंडलिकनं ठरवून टाकलं. बारा वर्षांनी त्या पोरीचं काय उरलं असतं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

रंगूबाईनं विचारलं. मग भटजींच्या ओट्यावर जाऊन बसली. देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात, हे तिला ठाऊक होतं.

"अगं, सरकार मेला म्हणत नाही अजून," भटजी म्हणाले.

"सरकारनं न्हाय जलम दिला त्याला. माजा लेक मेला, असं मी म्हनते."

पुतळ्याला अग्नी द्यायला भावकीतलं कुणी पुढं होईना, तेव्हा तिनंच दिला. बाईनं अग्नी देणं गावाला झेपलं नाही. लोकांनी तिला दगड म्हटलं, चांडाळीण म्हटलं. तिनं ऐकून घेतलं.

दहाव्यावरून ती परतली तेव्हा मोनाली गोठ्याच्या सावलीत वांगी निवडत होती. डावा हात तिला अजून नीट वळत नव्हता. गेल्या दिवाळीत, मानसिंग सुट्टीवर असताना, ती विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली होती. निदान तसं सांगितलं होतं सगळ्यांना.

"आत्या, मला रडूच येत न्हाय वो," मोनाली मान खाली घालून म्हणाली. "पाप लागंल का?"

रंगूबाईला गलबलून आलं. पोरीच्या केसांवरून हात फिरवावा असं वाटलं, पण हाताला पिंडाचा भात चिकटलेला होता.

"न्हाय लागत. लागलं तर मला लागंल."

"आन् त्ये माघारी आलं तर?"

"मेलेलं मानूस येत न्हाय, बाय." ती पोरीजवळ बसली. "संभाजी गरीब हाय सोभावानं. म्या त्याच्या मेलेल्या बायकूच्या आईकडं जाऊन इचारलंय. लेकीवर कदी हात उगारला न्हाय म्हनली."

मोनालीनं वर पाहिलं.

"त्या लग्नाला गेलीस तर भावकी तुटली," असं कुंडलिकनं बजावलं होतं. रंगूबाई गेली. दिवाळीनंतरच्या एका बुधवारी, इंदापुरातल्या लहानशा देवळात, मोजून सात माणसांत लग्न लागलं. मुलीकडून रंगूबाई आणि शेजारची फुलाबाई. मोनालीला माहेर उरलं नव्हतं; कन्यादान सासूनं केलं. डाळिंबाची बाग राखून हातांना चरे पडलेला संभाजी बावरून गेला होता. मंगळसूत्र घालताना केस वर धरायला गेलेला मोनालीचा डावा हात अवघडला, तसा तो थांबला आणि तिनं सावरेपर्यंत थांबून राहिला. रंगूबाईनं ते पाहिलं.

निघताना पोर सासूच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

"कन्हेरीला पाऊल टाकू नगंस," रंगूबाई तिला जीपमध्ये बसवत म्हणाली. "म्या मेले तरी येऊ नगंस. कुनाला पत्ता देऊ नगंस."

"आगं, असं का बोलतीस लेकराला?" फुलाबाई कळवळली.

"गाव लई बोलंल तिला."

जीप दिसेनाशी झाली. रंगूबाईनं फुलाबाईला बारामतीच्या एसटीत बसवलं. बाजार करून मागनं येते म्हणाली.

बाजाराकडं ती वळलीच नाही. टळटळीत उन्हात पायी हायवेला आली. धाब्याच्या मागं ट्रकांची रांग होती. परमुलखातल्या पाटीचा एक ट्रक शोधून ती त्याच्यापाशी उभी राहिली. क्लीनरच्या बाजूनं दाढी वाढलेला एक गडी खाली उतरला, तिच्या पाया पडला आणि तिच्या खांद्यावरून मागचा रस्ता न्याहाळू लागला.

"एकलीच आलीस व्हय, आई?" मानसिंग म्हणाला. "आज मोनालीला संगं आनते म्हनली हुतीस न्हवं?"