यंदाची कॅसेट

ईश्वरप्पांनी कॅसेटवरचा चकचकीत कागद नखाने टरकावला, खिशात कोंबला आणि घसा खाकरून सांगितलं, "यंदाची माझी आवडती ही. शहनाईची. वर्षभर दुसरं काही ऐकलंच न्हाई मी."

शिवकन्या मांडीवरच्या बाळाला थोपटता थोपटता थांबली. वर्षभर ऐकलेल्या कॅसेटचा कागद आज निघतो? पण दूध सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसलेल्या माणसांतलं कुणी हसलं नाही. उलट तिचे सासरे राधाकिशन म्हणाले, "वा आप्पा! दोन्ही बाजू लावायच्या बरं का. अर्धवट ऐकलं की गोडी जाती."

हे मामांच्या तोंडी! घरात टेप लागला की 'बंद करा ते रडगाणं' म्हणून ओरडणारा माणूस हा.

शहनाई सुरू झाली. समोर एकुलत्या एक खुर्चीवर मोहनराव डोळे मिटून बसले होते. गावात गाण्याचा खरा दर्दी तेवढाच. कितीतरी वर्षं सोसायटीचे चेअरमन होते. दिवाळीनंतरच्या निवडणुकीत राधाकिशन यांनी त्यांना पाडलं. निकालाच्या दिवशीच मोहनरावांनी मारुतीच्या पारावर शपथ घेतली. "माझ्या विहिरीचं थेंबभर पाणी या गावाला देईन तर नावाचा मोहनराव न्हाई." त्यांच्या मोसंबीच्या बागेतल्या विहिरीवरून सोसायटीच्या टाकीला आलेली पाईपलाईन त्याच संध्याकाळी बंद झाली.

मग गावातल्या विहिरी एकामागून एक आटल्या. जनावरं छावणीत गेली, सोसायटीत दुधाचे कॅन पालथे पडले. आणि नेमकं अशा वेळी गावाला गाण्याचा नाद लागला. पाडव्याला वर्ष सरतंय, तोवर ज्याने त्याने आपली यंदाची आवडती कॅसेट ऐकवायची, मोहनरावांनी निवाडा द्यायचा, असं ठरलं. शिवकन्येला वाटलं, एका बैठकीत उरकेल. उरकतच नव्हतं.

तिला कशाचाच मेळ लागत नव्हता. बैठक कधी सकाळी, कधी भर उन्हात. "लाईट असंल तवा बसायचं," मामा म्हणत. टेप तर सेलवर चालायचा. तो टेप होता बद्रीनाथचा, तिच्या नवऱ्याचा. लग्नानंतर पहिला पगार त्याने टेपवर घातला, इतका तो गाण्याचा वेडा. पण बैठकीला तो एकदाही आला नव्हता. मागच्या खेपेला घरी परतला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत ओली.

"कुठं गेला होतात?"

"गेलतो हितंच," एवढं बोलून त्याने पँट दोरीवर टाकली.

गावाला प्यायला पाणी नाही आणि आपला नवरा भिजून येतो. कुठून? कुणाकडून? भलतेसलते विचार मनात येत आणि ती ते बाळाच्या दुपट्यासारखे पुन्हा पुन्हा घडी घालून ठेवी.

बैठक झाली की सोसायटीच्या टाकीला पाणी असायचं, हेही तिने पाहिलं होतं. "टँकर येऊन गेला," सासूबाई छबुबाई सांगत. पण ते पाणी दोन दिवसांत संपे. मग नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं गढूळ. त्या गढूळ पाण्यानेच बाळाचं पोट बिघडलं होतं. शिरूर कासारचे डॉक्टर म्हणाले होते, स्वच्छ पाणी द्या, अंगातलं पाणी कमी होतंय. लेकरू आता रडतही नव्हतं, नुसतं बघायचं.

आणि इथे सगळं गाव मोहनरावांपुढे माना डोलवत होतं. पाण्याचा शब्द कुणी काढत नव्हतं. शेजारी त्यांच्या विहिरीचा राखणदार बंकट बसला होता. मोहनराव दर वेळी त्याला कॅसेटची पेटी उचलायला आणत. पेटी काखेत मावेल एवढी.

शिवकन्या उठली.

"कावून उठलीस गं?" छबुबाईंनी पदर धरला.

"मोहनरावांशी बोलते, आत्याबाई. पाण्याचं."

सासूबाईंच्या तोंडचा रंगच उडाला. "येडी का खुळी! आज न्हाई. मुळीच न्हाई. बस खाली!"

"मग कधी? लेकरू हातचं गेल्यावर?"

तिने पदर सोडवला आणि बाळाला घेऊन खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. मागून मामांचा आवाज आला, "आवाज वाढवा रे! रंगात आलीय शहनाई, आवाज वाढवा!"

"काका," ती म्हणाली, "पाण्याचं..."

टेपचं बटण खट्कन वर आलं. बाजू संपली होती.

हॉल एकदम गप्प झाला. त्या शांततेत भिंतीमागून आवाज आला. टाकीत पाण्याची धार पडत होती. बाळाने मान वळवली. टँकर असता तर त्याची घरघर भिंतीलगत आली असती. ही घरघर लांबून येत होती, बागेच्या अंगाने. मोटारीची.

ओली पँट. लाईट असंल तवा. दोन्ही बाजू लावा.

शिवकन्येने मागे वळून पाहिलं. सगळं गाव सतरंजीकडे बघत होतं. मामांनी हात जोडले होते, कुणाला ते कळत नव्हतं.

बंकटने कान टवकारले. "मालक, मोटार..." म्हणत तो उठू लागला. मोहनरावांनी डोळे न उघडताच त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला खाली बसवलं.

"काय म्हणत हुतीस, पोरी?"

"काही नाही. तुम्हाला प्यायला पाणी आणू का, म्हणत होते."

मोहनरावांनी डोळे उघडले. बाळाचं वाळलेलं पाऊल क्षणभर मुठीत धरलं. मग पुढे वाकून, तिच्याशिवाय कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "मला नको. तू आधी दुसरी बाजू लाव. टाकी अजून निम्मी बी झाली नसंल."