जवळ बसण्याचा तास

"आणि हे काय?" मोठ्या मॅडमनी लाल पेन कागदावर टेकवलं. "'रुग्णाजवळ बसणे'? बसायला काय शिकवायचंय?"

औषधशास्त्राचे सर वाटच बघत होते. "मॅडम, बसायचाच विषय असेल तर आमच्या सासऱ्यांना विभागप्रमुख करा. रिटायर झाल्यापासून दांडगा अनुभव आहे."

टेबलाभोवती हशा पिकला. धाकटी हसली नाही. नर्सिंग कॉलेजातली ती सगळ्यात नवी शिक्षिका, म्हणून सगळ्यांची धाकटी. अभ्यासक्रम नव्याने बांधायला बसलेल्या या समितीपुढे तिने एवढा एकच विषय मांडला होता. ज्याची आशा डॉक्टरांनीही सोडलीय, अशा माणसाजवळ शिकाऊ मुलीने एक दुपार बसायचं. हातात काम नाही. नुसतं सोबतीला.

समितीचं तत्त्व मोठ्या मॅडमनी स्वतः फळ्यावर लिहिलं होतं. जे तपासता येत नाही, ते शिकवायचं नाही. सकाळपासून त्या कात्रीत बरंच काही गेलं होतं आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं. मॅडमचा दराराच तसा. रिकाम्या हातांची नर्स दिसली की त्यांचं पित्त खवळायचं. वॉर्डात त्यांच्या चपलांचा आवाज आला, की मुली घडी घातलेल्या चादरी उलगडून पुन्हा घडी घालायच्या.

"मॅडम," धाकटी म्हणाली, "मागच्या आठवड्यात आपली ती शिकाऊ मुलगी वॉर्डातल्या शेवटच्या घटका मोजणाऱ्या आजोबांजवळून ऐन वेळी उठून गेली. आजोबा एकटेच गेले. ती तेव्हापासून कॉलेजकडे फिरकली नाही. परवा मी तिच्या घरी जाऊन आले. नर्सिंगच सोडते म्हणतेय. ड्रेसिंगमध्ये वर्गात पहिली असलेली मुलगी!"

"भित्री असेल. त्याला अभ्यासक्रम काय करणार?"

"भित्री नाहीये ती. तिला हे कुणी शिकवलंच नाही."

"बरं, नियमाने जाऊ." मॅडमनी पेन उचललं. "हा विषय शिकल्यावर मुलीला काय करता येईल? एका वाक्यात सांग. आणि तपासता येईल असं सांग."

धाकटीने घरून घोकून आणलेली वाक्यं आठवून पाहिली. सहानुभूती, संवेदनशीलता, मानवी मूल्यं. ओठांशी येईपर्यंत सगळीच पोकळ झाली.

"ती उठून जाणार नाही," ती म्हणाली. "एवढंच."

"हे काय उत्तर झालं?" सर म्हणाले. "मारा फुली, मॅडम. चहा निवतोय."

मॅडमनी फुली मारली नाही. पेन तसंच हवेत राहिलं. मग त्या बोलल्या, तेव्हा त्यांचा आवाज झोपलेल्या बाळाशेजारी बोलावं इतका हलका झाला होता.

"माझी आई गेली ना, तेव्हा मी ड्यूटीवर नव्हते. लेक म्हणून गेले होते. तिने माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला. म्हटलं, थांब गं, सलाईन बदलते. आणि उठले."

सरांनी मान खाली घातली.

"वळून बघते तर ती गेलेली." मॅडमनी धाकटीकडे पाहिलं. "आणि सलाईनची बाटली, बाई... भरलेलीच होती."