थंड डोंगर

"उणे तीस अंश," किनाऱ्यावरच्या बचाव केंद्रातले कानिटकर साहेब फोनवर तिसऱ्यांदा म्हणाले. "राऊळबाई, उपग्रहाला तुमचा डोंगर थंडगार दिसतोय. बोटी सोडता येणार नाहीत."

हेमलता राऊळने खिडकीबाहेर पाहिलं. ज्वालामुखीच्या तोंडातून निघालेल्या काळ्या धुराने अर्धं आभाळ गिळलं होतं. बेटावरच्या वेधशाळेत ती बारा वर्षं होती, पण असला धूर तिने कधी पाहिला नव्हता.

"साहेब, इथे नारळ पिकतात. डोंगर उणे तीस कसा होईल? उपग्रहाला डोंगर दिसतच नाहीये. तो धुराचा माथा मोजतोय, आणि तेवढ्या उंचीवर तो गारच असणार. धूर जितका वर चढेल तितका तुमचा आकडा उतरेल."

"मला पटतंय हो. पण डोंगर तापलाय असं उपग्रहाने कळवल्याशिवाय बोटींची कुलपं उघडतच नाहीत. माझ्या हातात काही नाही."

तिने फोन आपटला आणि ती धावत धक्क्यावर गेली. पहाटेच्या हादऱ्यानंतर तिथे जमलेली माणसं आता बोचकी उचलून घराकडे परतत होती. प्रत्येकाच्या मोबाइलवर हिरवा संदेश होता: डोंगर थंड आहे.

"घरी जाऊ नका. मासेमारीच्या असतील तेवढ्या होड्या काढा," ती घसा फोडून सांगत सुटली.

मासळी सुकवणाऱ्या सुंद्राकाकू तेवढ्या थांबल्या. त्यांनी तिच्या केसांवरची राख मायेने झटकली.

"अशा घाबरता काय, बाई? धुराला भ्यायचं नाही, आकडा बघायचा, हे तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत."