शिरस्त्राणावरचं नाव

"हे नाव तुझंच?"

मास्क्लसने शिरस्त्राण दाराच्या उजेडाकडे तिरकं धरलं. मानेवर येणाऱ्या पत्र्यावर ठिपके ठोकून काढलेली अक्षरं होती. 'कँडिडसची तुकडी. साक्कोचं.'

"माझंच, मालक," समोरचा म्हणाला आणि लगेच सावरला. "म्हणजे, माझंच."

मास्क्लसने मान वर केली नाही. 'मालक' हा शब्द मात्र त्याने मनात नीट ठेवून दिला. सैनिक सैनिकाला मालक म्हणत नाही.

मास्क्लस किल्ल्यातल्या शस्त्रांचा राखणदार होता. रोमन साम्राज्याच्या या उत्तरेकडच्या भिंतीवर जो कोणी यायचा, त्याची तलवार, ढाल, शिरस्त्राण आधी त्याच्या हाताखालून जायचं. बहुतेक शिरस्त्राणांवर दोन-दोन, तीन-तीन नावं असत. जुना सैनिक सुटला की नवा आपलं नाव शेजारी ठोकून घेई. यावर एकच नाव होतं.

भिंतीपलीकडच्या रानात साक्कोची पलटण कापली गेली होती. जे थोडे वाचले, त्यांना निरनिराळ्या किल्ल्यांवर वाटून दिलं. इथे हा एकटाच आला. त्याला आधी पाहिलेलं इथे कोणीच नव्हतं.

साक्को कामाला वाघ होता. हेच मास्क्लसला खुपायचं. कोणी न सांगता हा सगळ्यांच्या आधी उठून पाणी भरायचा. कोणी खोलीत आलं की उठून उभा राहायचा. जेवताना सगळ्यांचं वाढून घेऊन झालं की मगच हात पुढे करायचा. आणि शिरस्त्राणात त्याने चिंध्या कोंबल्या होत्या, कारण ते त्याच्या डोक्यावर डुगडुगायचं.

"रानात उपाशी होतो. वाळलो," तो म्हणाला होता.

"कवटी पण वाळली काय?" मास्क्लसने विचारलं होतं. बाकीचे हसले. साक्कोही हसला, पण जरा उशिरा.

मास्क्लस तुकडीच्या नायकाकडे, फेलिसियोकडे गेला. फेलिसियो दाढी करून घेत होता.

"साहेब, हा माणूस सैनिक नाही. कोणाचा तरी गुलाम आहे."

"तुला झोप लागत नाही का रे? तलवारीच्या म्यानावर त्याचं नाव, ढालीच्या चामडी खोळीवर त्याचं नाव, शिरस्त्राणावर त्याचं नाव. आता काय कपाळावर ठोकून हवं?"

"नावं वस्तूंवर आहेत, साहेब. वस्तू मेलेल्याच्या उचलता येतात."

फेलिसियोने न्हाव्याचा हात बाजूला सारला. गेल्या वर्षी शेजारच्या किल्ल्यात एक खोटा सैनिक शिरला होता. त्याने आतून दार उघडलं आणि झोपेतली माणसं मारली गेली. मास्क्लसचा भाऊ त्यांच्यातच होता. आणि गुलामाने सैनिकाचं सोंग घेतलं तर एकच शिक्षा होती, मरण.

"सिद्ध कसं करशील?"

"त्याची आई दक्षिणेकडच्या किल्ल्याबाहेर बिअर गाळते, असं तोच सांगतो. तिला बोलावतो. वस्तू वाचता येतात, तसा आईला पोरगा वाचता येतो."

ही बातमी ऐकली तेव्हा साक्को खोळीला तेल लावत होता. त्याचा हात थांबला.

"म्हातारीला कशाला त्रास? रस्ता वाईट आहे."

"आईला भेटायला नको?"

"हवंय ना," साक्को म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

त्या दिवसापासून मास्क्लसने दरवाजावर त्याच्यावर नजर ठेवायला माणूस नेमला. साक्को पळाला नाही. फक्त जेवण कमी झालं आणि चिंध्या वाढल्या.

बाई गाडीतून उतरली ती मातीने माखलेली. उंच, हाडापेराने मजबूत. वेरेकुंडा तिचं नाव. मास्क्लस तिला थेट अंगणात घेऊन गेला. वाटेत एक शब्दही सांगितला नाही. फेलिसियो हाताची घडी घालून उभा होता. त्याच्यामागे दोन पहारेकरी, उपसलेल्या तलवारी घेऊन. मधोमध साक्को, शिरस्त्राण काखेत.

बाई थांबली. तिने माणसाकडे पाहिलं, तलवारींकडे पाहिलं, मग पुन्हा माणसाकडे. मास्क्लस तिच्या पापण्यासुद्धा नजरेआड होऊ देत नव्हता.

ती पुढे गेली. तिने शिरस्त्राण हातात घेतलं आणि नावावरून बोट फिरवलं, एक एक ठिपका चाचपून. बराच वेळ. साक्कोने डोळे मिटून घेतले होते.

फाडकन आवाज झाला. तिने त्याच्या कानाखाली वाजवली होती.

"मेल्या! एवढा हिवाळा गेला. आईला एक निरोप धाडता येत नाही? मी तिकडे तुझ्या नावाने रडतेय आणि तू इथे पोटभर खातोयस?"

आणि तिने त्याला मिठीत ओढलं. साक्को लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. पहारेकऱ्यांनी तलवारी म्यानात घातल्या. एकाने नाक पुसलं.

"वाचला ना आईने पोरगा?" फेलिसियो मास्क्लसच्या कानाशी म्हणाला. "आता आईची माफी माग, नाहीतर दुसरी तुला पडेल."

मास्क्लसला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. भावाच्या दुःखात आपण एका भल्या माणसाला मरणाच्या दारात उभं केलं, हे त्याच्या मनाला खात राहिलं. त्याने स्वयंपाकघरातून गरम भाकरी, चीज आणि बिअरचं मडकं घेतलं. मायलेक धान्यकोठाराच्या मागे उन्हात बसले होते. माफीचे शब्द जुळवत तो भिंतीच्या कोपऱ्याशी आला आणि पलीकडचा आवाज ऐकून थबकला.

"पुरे आता, कोणीतरी बघेल," बाई कुजबुजत होती. "माझ्या साक्कोला कुठे पुरलंस, तेवढं सांग. आणि तुझं नाव काय, बाळा?"