एका लेकराला एकच पुडकं

“अपेक्षाऽऽ!” सांताबाबाच्या लाल झग्यातल्या इंद्रजीतनं तिसऱ्यांदा हाक मारली. झग्याच्या आत त्याला दरदरून घाम फुटला होता. चर्चच्या अंगणातल्या मांडवात, पहिल्या ओळीत बसलेली त्याची पोरगी शेजारणीच्या हातातली नवी बाहुली न्याहाळत होती. शेवटी शेजारणीनं कोपर मारलं, तेव्हा ती दचकून उठली. मागं कोणीतरी फिसकन हसलं.

इंद्रजीतला तिथून पळून जावंसं वाटलं. पोत्यात एकच पुडकं उरलं होतं. त्यात काय आहे हे साऱ्या मांडवात दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि त्याच्या बायकोला.

एका लेकराला सांताकडून एकच पुडकं, हा पांढरकवड्याच्या या चर्चचा नियम. मागं एका नाताळला कोणाला चार पुडकी आणि कोणाला एक असं झालं आणि रडारड माजली, तेव्हापासून पाळकसाहेबांनी तो घालून दिला. आईबापांनी काय ते एक निवडायचं आणि गुपचूप आणून द्यायचं. बाकीचं काय असेल ते घरी. पोरांचा हिशेब साधा होता: पोत्यातून निघेल ती खरी भेट, घरचं ते सटरफटर.

अपेक्षानं सांताकडे चाकाचे बूट मागितले होते. ते आणलेही होते. पण आज सकाळी त्याच्या बायकोनं, सत्यशीलेनं, चमकीच्या कागदात बांधलं ते कानाचं मशीन. महिन्यापूर्वी नागपूरहून आणलेलं. पोरीनं ते दोन दिवस घातलं, तिसऱ्या दिवशी शाळेतून आली ती काढूनच. त्यानंतर तिनं कानाला हात लावू दिला नाही.

“बूट घरी देऊ,” सत्यशीला म्हणाली होती. “मशीनच मेन गिफ्ट. आपण देल्लं तं फेकते. सांताच्या हातून भेटलं तं घालन.”

“अवं, पण तेच मशीन हाय हे तिले समजन ना.”

“नवा डबा लावला म्या. तुमी झगा घाला न् गुमान देऊन द्या.” तिनं पुडक्यावरची फीत आवळली. “परवा हायवेवर ट्रकवाला हॉर्न देऊन देऊन थकला, हिले आयकूच नाही आला. तुमी नव्हते तेथं. मी होती.”

बापाचा जीव इंद्रजीतचाही होताच. त्यानं झगा चढवला.

अपेक्षा पुढं आली. “उघड! उघड!” पोरं ओरडायला लागली. तिनं कागद टराटरा फाडला. डबा उघडला. आत बघितलं, आणि तिचं हसू होतं तिथंच थांबलं. मांडवात कोणाला काही कळेना. तेवढ्यात मागून सत्यशीलेनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

“घाल बेटा. सांताबाबानं देल्लं तुले,” इंद्रजीत म्हणाला.

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. माणसांचं बोलणं ही पोर ओठांवरून ओळखायची, आणि ओठ तर कापसाच्या भल्याथोरल्या दाढीमिशांत बुडालेले. तो पुन्हा बोलला, आधीपेक्षा मोठ्यानं. मोठ्यानं बोलून उपयोग नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण गोंधळला की माणूस ओरडतोच.

अपेक्षानं हात वर केला आणि दाढी धरून खाली ओढली.

“अरे, हे तं अपेक्षाचे पप्पा!” पोरांत हशा पिकला. पाळकसाहेबही हसले. अपेक्षा तेवढी हसली नाही.

“पप्पा, हे कोनं टाकलं पोत्यात?”

इंद्रजीतनं बायकोकडं पाहिलं. तिचे हात टाळी वाजवता वाजवता छातीशी थांबले होते. तिचं नाव घेतलं की तो सुटत होता. क्षणभर नाव त्याच्या जिभेवर आलंही, आणि त्याची त्याला लाज वाटली.

“मी,” तो म्हणाला.

पोरीनं त्याच्या ओठांवरचं ते नीट पाहून घेतलं. मान हलवली. डबा बंद केला, काखेत धरला, आणि आता ती जागेवर जाऊन बसेल असं त्याला वाटत असतानाच ती आणखी जवळ सरकली. टाचा उंचावून तिनं त्याचं डोकं खाली ओढलं, कोणाला कळू नये म्हणून त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“मंग सांताबाबानं मले काय देल्लं?”

तिला वाटलं आपण हळूच विचारलं. साऱ्या मांडवानं ऐकलं.