विलायती पिल्लू

जहागीरदारांचं विलायती पिल्लू बोटीनं, आगगाडीनं आणि शेवटी छकड्यातून टेंभुर्णीच्या बंगल्यावर आलं. चाळीस दिवस त्याला गावच्या कुत्र्यांचा वारासुद्धा लागू देऊ नका, रोग लागेल, असा जनावरांच्या डॉक्टरांचा हुकूम. मग काय, शेजारच्या चतुराबाईच्या कुत्रीची, ढवळीची, चार पिलं बंगल्यावरच्या शिपायानं पोत्यात घालून नदीत सोडली. ढवळी शेळ्यांमागं रानात गेल्ती, म्हणून वाचली.

तिसऱ्या दिवशी तोच शिपाई चतुराबाईच्या दारात. "विलायती पिल्लू काहीच तोंडात घेऊन न्हाई राह्यलं. ढवळीला पाजायला जल्दी घेऊन चल."

"अन् तिचा रोग?" चतुराबाईनं विचारलं.

"डाक्टर म्हनले, दुधाला काही होत न्हाई."

चतुराबाईनं ढवळीचं दावं मुठीत गच्च आवळलं. "मंग माह्या ढवळीच्या पिलांनी दुसऱ्या कुनाचं दूध पेलं व्हतं का रं?"