सुभेदाराच्या दोन पलटणी

बैलांच्या सणाला, बेंदराच्या सकाळी, भैरोबाच्या माळावर दोन पलटणी समोरासमोर उभ्या ठाकल्या. इकडं वरची आळी, तिकडं खालची. मधे फौजेतनं निवृत्त झालेला सुभेदार आकाराम, एकटा. वेशीवर बांधलेली गवताची दोरी पहिल्यांदा कुणाच्या बैलानं तोडायची, यावरून गावात यादवी पेटली होती. गावात ट्रॅक्टर इतके, की बैल बघायला पोरांना कोरेगावच्या बाजारात न्यावं लागतं. पण मान तो मान.

दोन्ही पलटणी आकारामनंच उभ्या केलेल्या. पगार नाही, वर्दी नाही, सगळे आपखुशीनं भरती झालेले. वरची आळी पहाटे त्याच्या अंगणात कवायत करायची, खालची दिवेलागणीला, एकमेकींना चोरून. बायको रंगुबाई गेल्यापासून त्या अंगणात कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. आता चहा एवढा व्हायचा, की दूधवाल्याची म्हैस त्याला बघून तोंड लपवायची. जो तो "आबा, आबा" करायचा. भांडण मिटलं की चूल पुन्हा एका कपाची, हे आकाराम पुरतं जाणून होता. म्हणून मिटवायच्या भानगडीत तो पडला नव्हता. चार शड्डू ठोकतील आन् घरी जातील, असा त्याचा हिशेब.

पण आज काठ्यांच्या टोकाला उसाचे कोयते बांधलेले होते. आणि पोरांच्या डोळ्यांत जे होतं, ते त्यानं फौजेत असताना लंकेत बघितलेलं होतं. एका शाळेत, एका बाकावर बसलेल्या आणि मग एकमेकांवर बंदुका रोखलेल्या तिथल्या पोरांच्या डोळ्यांत.

"आबा, बाजूला सरा," वरच्या आळीचा नानासो ओरडला. "तुमी आमच्यातलं हाय."

"तुमच्यातलं?" खालचा धुळा भडकला. "आवं आबा, ह्यांनाबी तुमीच शिकवलं व्हय?"

"दोघांनीबी चहा पिताना इचारलं न्हाई," आकाराम म्हणाला. "आन् आता इचारताय व्हय रं?"

कुणीतरी हर हर महादेव केलं. दोन्हीकडून लोंढा सुटला. आकारामनं छाती भरून घेतली आणि आयुष्यभराचा आवाज एकदम बाहेर काढला.

"पलटन, थम!"

पायांनी डोक्याला विचारलंच नाही. दोन्ही आळ्या जागच्या जागी थिजल्या. टाचा अशा एकदम वाजल्या, की म्हणतात, कोरेगावच्या फलाटावर सुटलेली गाडी पुन्हा थांबली.

नानासोच्या नाकापुढं धुळाचं नाक होतं. दोघांची हनुवटी वर, दोघांचा डावा हात लोंबकळलेला.

"तुझाबी हात लोंबतोय रं," नानासो म्हणाला.

"आन् तुझं प्वाट कुठं आत हाय गड्या?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा माळच हसायला लागला.

आकाराम हसला नाही. 'विश्राम' म्हटलं असतं, तर पोरं उभी राहिली असती. उद्या कवायत, परवा कवायत. त्यानं एकवार सगळ्यांची तोंडं बघून घेतली.

"विसर्जन!"

नानासोचा बैल आणि धुळाचा बैल एका जुवाला जुंपायचे ठरले. कोयते सोडून काठ्या खांद्यावर टाकून दोन्ही आळ्या गावाकडं निघाल्या. आबा मागं राहिला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. धुळा तेवढा वळला.

"आबा, आता संध्याकाळचं न्हाई येत आमी. मिटलं की समदं."

"व्हय, मिटलं," आकाराम म्हणाला. "आन् काय रं धुळा, औंदा जत्रंत पालखीला पहिला खांदा कुणाचा?"

धुळाचं हसू अर्ध्यात राहिलं. त्यानं लांब गेलेल्या नानासोच्या पाठीकडं बघितलं.

"ते... ते अजून ठरलं न्हाई."

"मग आजच ठरवा," आकाराम म्हणाला, आणि तोंड फिरवून भराभर चालू लागला, तोंडातून आणखी काही निघायच्या आत.